पोरगा परदेशात, घरी बटनाचा मोबाईल: स्वस्तात बोलायचं कसं?

वावरातली_लेक

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ शिकायला जर्मनीला, माग्डेबुर्गला चालला आहे. ऑक्टोबरमध्ये त्याचं सत्र सुरू होतं. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. जर्मनीच्या नियमाप्रमाणे त्याच्या नावाने वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवले आहेत, त्यातून त्याला महिन्याला ९९२ युरो काढता येतील. खोली, विमा, खाणं, सगळं त्यातच. बाबांनी कर्ज कसं उभं केलं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून फोनवर एक रुपयाही उगाच जाऊ नये असं वाटतं.

कोणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, "व्हॉट्सॲप आहे ना." आमची अडचण तिथेच आहे. बाबांकडे बटनाचा मोबाईल आहे आणि तो बदलायला ते तयार नाहीत. मलाही ते पटतं. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस चालतो, वावरात रेंज धरतो, रात्री ओलिताला गेले तर खिशात असतो, पडला तरी काही होत नाही. आईकडे भावाचा जुना स्मार्टफोन आहे, पण घरात नेट चालत नाही. छतावर टाकीजवळ गेलं तर चालतं. पावसाळ्यात अंधारात तिने जिना चढून टाकीपाशी उभं राहावं हे मला नको आहे. मी अमरावतीला असते, दर आठवड्याला गावी जाणं जमत नाही.

तर विचारायचं असं: बाबांच्या साध्या नंबरवर थेट फोन येईल आणि त्याचा खर्च पोराला झेपेल, असा मार्ग कोणता? आणि रात्री-बेरात्री काही झालं तर घरून त्याला कसं कळवायचं? ज्यांची मुलं बाहेर आहेत किंवा जे स्वतः बाहेर आहेत त्यांनी अनुभवातून सांगा.

रिचार्जवाला_दिग्रस

ताई, दुकानात रोज हेच प्रश्न येतात म्हणून सांगतो. पयली गोष्ट, बाबाजीच्या मोबाईलवर बाहेरदेशातून फोन आला तर त्यायले एक पैसा लागत नाई. इनकमिंग फुकटच हाय, मंग तो यवतमाळहून येवो का जर्मनीहून. बरेच लोक भीतीनं उचलतच नाई, बॅलन्स कटन म्हणून. त्यायले हे आधी समजावून सांगा. आजकाल फोन वाजला का स्क्रीनवर इंटरनॅशनल कॉल अशी पाटी येते काही कंपन्यायची, ते पाहूनही लोक घाबरतात.

दुसरी गोष्ट, इकडून तिकडं लावायच्या भानगडीत पडू नका. आयएसडीचे दर देशागणिक बदलतात, युरोपचे तर बरेच जास्त. फोन तिकडूनच यावा.

तिसरी गोष्ट. २०१७ मध्ये जिओफोन, म्हंजे नेट चालणारा बटनाचा मोबाईल, आला तेव्हा गावोगावी लोकायनं घेतला, अन् २०१८ पासून त्याच्यावर व्हॉट्सॲप चालाचं. आता ते बंद झालं. २०२४ च्या जूनमध्ये नवीन टाकणं बंद केलं, अन् ज्यायच्याकडं होतं त्यायचंही २०२५ च्या सुरवातीले गेलं. माह्याकडं म्हातारी माणसं येतात, "माह्या पोट्ट्याचा फोन दिसत नाई" म्हणतात. मोबाईल बिघडला नाई, ॲपच गेलं. म्हणून बटनाच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप भेटन या आशेवर कोणताच हँडसेट घेऊ नका.

बर्लिनचा_वऱ्हाडी

मी मूळचा कारंजा लाडचा, इकडे शिकून आता इकडेच कामाला आहे. ताई, तुमच्या भावासाठी इकडची बाजू सांगतो.

जर्मनीत प्रीपेड सिम घेताना पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, २०१७ पासून तसा कायदाच आहे. त्यामुळे विमानतळावर कोणी घाईत महागडं सिम गळ्यात मारायला बघेल तर घेऊ नये. विद्यापीठात एड्युरोम नावाचं वाय-फाय असतं. प्रवेशाचे कागद झाले की त्याचं लॉगिन मिळतं आणि ते युरोपभर दुसऱ्या विद्यापीठांतही चालतं. वसतिगृहात बहुतेक इंटरनेट भाड्यातच येतं. म्हणजे त्याच्या बाजूने नेटचा खर्च फार नाही, खरा प्रश्न बाबांच्या साध्या नंबरचा आहे.

त्याला दोन वाटा आहेत. एक, लेबारा किंवा लायकामोबाईलसारख्या कंपनीचं सिम. या कंपन्या परदेशातून आलेल्या लोकांसाठीच धंदा करतात आणि त्यांच्या काही पॅकमध्ये भारतातल्या नंबरवर बोलायची मिनिटं असतात. पॅक घेताना एवढंच तपासायचं की त्या मिनिटांत भारत आहे का, आणि मोबाईल नंबर धरले आहेत की फक्त लँडलाइन. दुसरी वाट म्हणजे नेटवरून साध्या नंबरला फोन लावणारी ॲप्स, व्हायबर आउट किंवा रेबटेल. तुमचा भाऊ ॲपमधून लावेल, बाबांचा मोबाईल नेहमीसारखा वाजेल. पैसे आधी भरायचे, मिनिटाप्रमाणे कटतात. सुरुवातीला सगळ्यात लहान रक्कम भरावी आणि आवाज कसा येतो ते दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी लावून बघावं. एकाच ॲपचा आवाज एका गावात स्वच्छ येतो आणि शेजारच्या तालुक्यात घुमतो, असं मी स्वतः बघितलं आहे.

आणि त्याचं भारतातलं सिम बंद होऊ देऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंगची सेवा सुरू करून घ्यायची, इकडे उतरल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवायचं आणि त्या नंबरवर आलेला फोन उचलायचा नाही, कारण रोमिंगमध्ये उचलायचेही पैसे पडतात. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या, नियमाप्रमाणे ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. प्रीपेडवर २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून पुढचे ३० दिवस नंबर राखला जातो. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो, मग बँकेचं सगळं अवघड होऊन बसतं. व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरवरच राहू द्यावं, जर्मन सिम टाकलं म्हणून ते बदलावं लागत नाही.

वावरातली_लेक

खूप उपयोगी. रिचार्जवाले भाऊ, बाबांना आजच फोन करून सांगते की बाहेरचा फोन उचलला तरी पैसे जात नाहीत. ते नक्की घाबरले असते.

एक शंका आहे. काही ॲप्स "भारतात बोला, एकदम फुकट" अशी जाहिरात करतात. ती वापरावीत का?

निवृत्त_टेलिफोनवाला

ताई, या प्रश्नाचं उत्तर मला देऊ द्या, माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली.

परदेशातून आलेला फोन जेव्हा तुमच्या बाबांच्या मोबाईलवर पोचतो, तेव्हा फोन पाठवणारी कंपनी इथल्या कंपनीला तो पोचवण्याचं शुल्क देते. देशातल्या देशात हे शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं. परदेशातून येणाऱ्या फोनला मात्र ते आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत ते ५३ पैशांवरून ३० पैसे केलं होतं, आणि १ मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे अशी मर्यादा ठरवली गेली. याचा अर्थ असा की साध्या नंबरवर फोन पोचवायला कोणीतरी एवढे पैसे मोजतंच. जो पूर्ण फुकट देतो, तो एक तर जाहिराती दाखवून ते वसूल करतो, नाहीतर तुमच्या मोबाईलमधले नंबर आणि माहिती घेतो, किंवा फोन चोरवाटेने आत आणतो.

चोरवाट म्हणजे काय तेही सांगतो. एखाद्या खोलीत शेकडो सिम लावलेली यंत्रं ठेवतात. परदेशातला फोन नेटवरून तिथे उतरवतात आणि तिथून लोकल कॉल म्हणून पुढे पाठवतात. हा गुन्हा आहे. याची खूण अशी की मुलगा जर्मनीतून बोलतोय आणि इकडे भलताच कुठला तरी भारतातला नंबर दिसतोय. असं झालं तर ते ॲप त्याला लगेच काढून टाकायला सांगा. केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर अशा फोनची तक्रारही करता येते.

आणखी एक. काही ॲपमध्ये "तुमचा भारतीय नंबर दिसू द्या" अशी सोय असायची. ती आता वापरू नये. भारतीय नंबर दाखवत बाहेरून येणारे खोटे फोन रोखण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. तुमच्या भावाने ॲपमध्ये भारतीय नंबर दाखवायचा ठरवला तर फोन मध्येच अडकेल आणि त्याला कारणही कळणार नाही. जर्मन नंबरच दाखवावा.

आज हे सगळं स्वस्त वाटतं म्हणून सांगावंसं वाटतं. १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेला बोलायला मिनिटाला पन्नास रुपयांच्या वर पडायचे. परदेशी फोनची मक्तेदारी तेव्हा विदेश संचार निगमची होती, ती १ एप्रिल २००२ ला संपली आणि नेटवरून बोलण्यालाही त्याच महिन्यात परवानगी मिळाली. त्याआधी पीसीओच्या काचेच्या खोलीत माणसं मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायची. आई पोराशी बोलत असायची आणि बाप मीटर बघत असायचा. तुमच्या बाबांच्या पिढीच्या मनात तो मीटर अजून आहे. म्हणून ते "बरं, ठेव आता" असं लवकर म्हणतील. भावाला सांगा, बाबांनी ठेव म्हटलं तरी लगेच ठेवू नको.

टेक्सासची_वैदर्भी

धागा जर्मनीचा आहे, पण वाचणाऱ्यांमध्ये अमेरिकेला जाणारेही असतील म्हणून थोडक्यात. अमेरिकेचा नंबर असला की गूगल व्हॉइस मिळतं आणि त्यावरून भारतात मिनिटाला साधारण एक सेंट पडतो, म्हणजे रुपयाच्या आसपास. मी वर्ध्याजवळच्या आमच्या गावात आजोबांच्या साध्या मोबाईलवर असाच लावते. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मैत्रिणींच्या तर प्रीपेड पॅकमध्येच भारतात बोलायची मिनिटं असतात, त्यांना वेगळं काही घ्यावं लागत नाही.

जुने सल्ले वाचून कोणी स्काइपवर पैसे भरायला जाईल, तर ते ५ मे २०२५ ला बंद झालं आहे.

एमबीबीएस_पालक_बुलडाणा

आमची मुलगी किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकते. आमच्या भागातून त्या बाजूला आणि रशिया, कझाकस्तान, जॉर्जियाला बरीच मुलं गेली आहेत, म्हणून पालकांना एक कळकळीची विनंती. देश ठरवताना फी, मेस, थंडी सगळं विचारता, तेव्हा तिथून फोन कसा लागतो हेही विचारा.

चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही. तिकडे सगळे वीचॅट वापरतात, पण वीचॅटवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी आहे. तिकडचं इकडे नाही, इकडचं तिकडे नाही, अशी मधल्या मध्ये गत. दुबईकडे व्हॉट्सॲपचे मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, तिथे सरकारने परवानगी दिलेली बोटिमसारखी ॲप्स घ्यावी लागतात. रशियात व्हायबर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, सिग्नल त्याच्याही आधी, आणि ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप व टेलिग्रामच्या कॉलवरही तिथल्या सरकारने निर्बंध आणले. आमच्या शेजारच्या गावचा मुलगा तिकडे आहे. त्या आठवड्यात त्याच्या घरी चूल नीट पेटली नाही. पोराला काही झालं नव्हतं, फक्त फोन लागत नव्हता. शेवटी त्याने तिथल्या सिमवरून सरळ घरच्या नंबरला साधा फोन लावला, महाग पडला, पण आईने आवाज ऐकला.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की कमीत कमी दोन मार्ग ठेवा, आणि त्यातला एक नेटशिवाय घरी वाजणारा असू द्या. ताई, तुमच्या बाबांचा बटनाचा मोबाईल ही त्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. त्याला कोणत्या ॲपची गरज नाही.

धारणीकर

मेळघाटातून लिहितो. आमच्याकडे टॉवरची लाइट गेली की रेंजही जाते, त्यामुळे आम्ही काय करतो ते सांगतो.

भाची इंग्लंडात आहे. तिची आई, म्हणजे माझी बहीण, दिवसभर रानात. ती तिथूनच व्हॉइस मेसेज बोलून ठेवते. रेंज नसली तरी मेसेज मोबाईलात थांबून राहतो आणि संध्याकाळी रस्त्याला लागल्यावर आपोआप जातो. भाचीच्या बोलण्यात असं आलं की तिला थेट फोनपेक्षा हे मेसेजच जास्त आवडतात. मागे शेळ्यांचा आवाज, कोणीतरी "ओ माय" म्हणून हाक मारतंय, बहीण मध्येच कोणावर तरी ओरडतेय, सगळं त्यात असतं. ती अभ्यास झाला की ऐकते, हवा तितक्या वेळा ऐकते.

दुसरं, आमचा दोन मोबाईलचा प्रकार. भाचा नागपूरला आहे. त्याच्या खोलीवर वाय-फाय आहे. भाची त्याला व्हॉट्सॲपवर लावते, तो दुसऱ्या मोबाईलवरून आईच्या साध्या नंबरला लावतो, दोन्ही स्पीकरवर टाकतो आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो, एकाचा माईक दुसऱ्याच्या स्पीकरकडे. त्याच्या प्लॅनमध्ये देशातले कॉल अमर्याद आहेत, म्हणून कोणालाच वेगळे पैसे पडत नाहीत. आवाज थोडा लांबून येतो. दोन्ही स्पीकरचा आवाज पूर्ण केला तर कर्कश शिट्टी येते, अर्ध्यावर ठेवला की थांबते. पंखा बंद करावा. ताई, तुम्ही अमरावतीला आहात तर हे तुमच्याकडून सहज होईल.

आणि आईच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज आणि डेटामध्ये, कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा. रेंज कमी असेल तर व्हिडिओचा हट्ट धरू नये. नुसत्या आवाजाला खूप कमी नेट लागतं.

शाळेतली_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, उमरखेडकडे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आणि इतर मार्गांनी आमची काही मुलं बाहेर गेली. त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे, त्यावरून दोन गोष्टी सांगते.

वेळ ठरवून घ्या. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. रात्री साडेआठला आपल्याकडे जेवणं झालेली असतात, तिकडे संध्याकाळचे चार किंवा पाच. ही वेळ सोयीची. पण शेतीचं वेळापत्रकही भावाला माहीत असू द्या. ज्या आठवड्यात ओलिताची लाइट रात्रीची असते, त्या आठवड्यात बाबा त्या वेळी वावरात असतील. कापूस वेचणीच्या दिवसांत आई आठलाच झोपेल. ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही की लांबचं पोर फार घाबरतं. त्यात घरच्यांचा दोष काहीच नसतो.

दुसरी गोष्ट फसवणुकीची, आणि ती फार गंभीर आहे. "तुमचा मुलगा पोलिसांनी धरला आहे, सोडवायचा असेल तर पैसे टाका" असे फोन येतात. मागे रडण्याचा आवाजही ऐकवतात. मुलगा परदेशात आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि बाहेरचा नंबर आला की आई-बाप आधीच धास्तावलेले असतात. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो बाहेरच्या कोणाला सुचणारच नाही. बैलाचं जुनं नाव, आजीच्या माहेरचं गाव, असं काही. फोनवरच्या माणसाने तो सांगितला नाही तर ठेवून द्यायचं आणि तुम्हाला लावायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. तसंच अनोळखी परदेशी नंबरचा मिस्ड कॉल दिसला तर उलट फोन लावायचा नाही, त्यात बॅलन्स उडवायचे प्रकार असतात.

रिचार्जवाला_दिग्रस

बाईंचं अगदी खरं. अन् बाबाजीच्या मोबाईलमध्ये भावाचा जर्मन नंबर सेव्ह करताना सुरवातीले +४९ टाका, मंग त्याच्या नंबरातला पयला शून्य गाळून पुढचे आकडे. बटनाच्या मोबाईलवर शून्य दाबून धरला का अधिकचं चिन्ह येते. त्या नंबरले वेगळी रिंगटोन लावून द्या. ज्यायले स्क्रीनवरचं नाव वाचता येत नाई त्यायले आवाजावरून समजते. ॲपमधून फोन आला तर दरवेळी तोच नंबर दिसन याचा भरोसा नाई, हेही सांगून ठेवा.

वावरातली_लेक

मंडळी, भाऊ पोचला. सगळं सांगितलं तसं लावून दिलं, म्हणून इथे लिहिते, कोणाच्या कामी येईल.

त्याने भारताची मिनिटं असलेलं प्रीपेड पॅक घेतलं आणि एका ॲपमध्ये थोडे पैसे भरून ठेवले, सिमला काही झालं तर असावेत म्हणून. बाबांच्या मोबाईलवर थेट फोन येतो. आईसाठी व्हॉइस मेसेज. रविवारी मी दोन मोबाईल समोरासमोर ठेवते आणि चौघं एकदम बोलतो. धारणीकर दादा, पंखा बंद केल्याने खरंच फरक पडला. रात्री काही झालं तर बाबा मला लावतील आणि मी भावाला व्हॉट्सॲपवर, असं ठरलं आहे. घरून परदेशात फोन लावायचाच नाही. खुणेचा शब्दही ठरला, आईने सुचवला.

टेलिफोनवाले काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेव आता, पैसे जात असतील" म्हणाले. भावाने सांगितलं, "बाबा, मिनिटं पॅकमध्येच आहेत, नाही बोललो तर महिनाअखेर वाया जातात." वाया जातात म्हटल्यावर बाबांनी तुरीवरच्या अळीपासून शेजारच्या बांधाच्या भांडणापर्यंत सगळं सांगितलं. आता फोन लवकर ठेवत नाहीत.

बर्लिनचा_वऱ्हाडी

वा, छान झालं. एक लक्षात ठेवा, इकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. आता त्याचे संध्याकाळचे पाच म्हणजे तुमचे साडेआठ, त्यानंतर त्याच्या पाचला तुमचे साडेनऊ होतील. आई त्या वेळी जागी नसेल तर त्याला चारला फोन लावायला सांगा. त्याची प्रयोगशाळेची वेळ बघून आधीच ठरवून घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ परत पुढे जाईल.